आधी गळती, मग गाद्या

प्रिय सोहम,

आबांची मारुती तू पुण्याला आणणार हे वहिनीकडून कळलं, आणि पाठोपाठ तुझी यादीही आली. टॅन रंगाची सीट कव्हर्स, नवं कार्पेट, स्टिअरिंगला चामडी कव्हर, डॅशबोर्डवर मोठा स्क्रीन. यादीत रबराचा एक तुकडाही नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस आणि शेवटी करायचं तेच करतोस. लिहिलेलं निदान हाताशी राहील. पत्र उघडंच लिहितेय, कारण कोकणात काय नि घाटावर काय, कितीतरी अंगणांत अशी एखादी मारुती आठशे ताडपत्रीखाली उभी आहे, आणि घरातल्या कुणातरी नातवाच्या डोक्यात हीच यादी शिजतेय.

मे महिन्यात गुहागरला आले होते, तेव्हा गाडीचं डावं दार उघडून बघितलं. पायाखालची रबरी मॅट उचलली. खाली कार्पेट, त्याच्याखाली तागाचा जाड नमदा. वरून सगळं खडखडीत कोरडं. नमदा अंगठ्याने दाबला तर तपकिरी पाणी वर आलं. मे महिन्यात! पाऊस जाऊन सहा-सात महिने उलटले होते, आणि वरच्या मॅटमुळे त्या पाण्याला वाळायला वाट नव्हती. बोट आणखी खाली घातलं तर पत्र्याचे पापुद्रे हाताला लागले. या सगळ्यावर तू नवंकोरं कार्पेट अंथरणार होतास.

तेव्हा क्रम लक्षात ठेव. आधी पाणी बंद, मग पत्रा, आणि शोभा सगळ्यात शेवटी. कुशनवाल्याकडे जायची घाई नको. या दिवाळीत नाही तर पुढच्या दिवाळीत जा.

पाणी येतंय कुठून? इथेच सगळे फसतात. आपल्या कौलारू घरात अंथरुणावर थेंब पडतो, पण फुटलेलं कौल डोक्यावर नसतं; पाणी वाशावरून वाहत कुठूनतरी लांबून आलेलं असतं. गाडीतही तसंच. डाव्या पायाशी साचलेलं पाणी दाराचं असेल, समोरच्या काचेच्या कोपऱ्यातलं असेल, नाहीतर वायपरखालच्या जाळीतलं. म्हणून आधी आतलं कार्पेट, नमदा, दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या सगळं काढून पत्रा उघडा कर. दादाला टॉर्च देऊन आत बसव आणि तू बाहेरून नळी धर. नळीला फवारा लावू नकोस, नुसतं संथ पाणी सोड, आणि सुरुवात खालून कर. आधी उंबरा, मग दार, मग काचेची खालची कड, छत शेवटी. प्रत्येक जागी काही मिनिटं थांब. वरून सुरुवात केलीस तर सगळीकडेच पाणी ओघळेल आणि काहीच कळणार नाही. दादा आत बसून ‘अरे बास, भिजलो’ म्हणाला की समज जागा सापडली.

पहिला संशय मला त्या वायपरखालच्या जाळीचाच आहे. गाडी इतकी वर्षं फणसाखाली उभी. बोनेट आणि काच यांच्यामधल्या त्या पोकळीत पडलेलं पाणी दोन बाजूंनी खाली निघून जायला वाटा असतात. पानं कुजून त्या वाटा तुंबल्या की पाणी चढतं आणि ब्लोअरला बाहेरची हवा जिथून मिळते तिथून थेट पायाशी उतरतं. यात रबराचा काही दोष नाही. हात घालून कचरा काढला की काम झालं, पैसाही लागत नाही. उंदराचं घरटं सापडलं तर दचकू नकोस. वायरी मात्र नीट तपास.

आता दारं. हे वाचून तुला आश्चर्य वाटेल, पण दाराच्या पोटात पाणी जाणं हे ठरवूनच केलेलं असतं. काच खाली-वर होते म्हणजे तिच्या कडेने थोडं पाणी आत उतरणारच. बाहेरची रबरी पट्टी बरंचसं निपटते, उरलेलं दाराच्या आत पडतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर जातं. ती भोकं खराट्याचा हीर घालून मोकळी कर. बऱ्याचदा रंगवाल्यानेच अंडरकोटिंग मारताना ती बुजवलेली असतात. भोकं बुजली की दार पाण्याची टाकी होतं आणि खालची कड आतून कुजते. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं सगळं संपलेलं असतं.

दाराचं पॅड काढलंस की आत पत्र्यावर प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला दिसायला हवा. दिसणार नाही, पैजेवर सांगते. काचेचं मशीन दुरुस्त करताना कुणीतरी तो फाडून फेकलेला असतो, कारण तो कशासाठी आहे हे कुणाला माहीतच नसतं. खरं तर आतलं पाणी आणि तुझी सीट यांच्यामध्ये तेवढा एकच पडदा. जाड पॉलिथिन आण, पॅडच्या मापाने काप, काळ्या चिकट ब्युटाइल टेपने चिकटव. खालची कड मात्र पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत सोड, म्हणजे ओघळ परत पोटातच पडेल. काच फिरवायच्या हँडलमागे नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. फडक्याची पट्टी मागून घालून पुढेमागे घासली की ती टुणकन उडते. कुठे उडते ते बघून ठेव, नाहीतर अंगणात रांगत शोधावी लागेल.

दाराच्या चौकटीवरचं रबर, म्हणजे बीडिंग, बदलायचंच. त्याची पोकळ नळी आता चपटी होऊन तशीच राहिलीये, दाबली तर परत फुगत नाही. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लाव आणि ओढून बघ. काही जागी घट्ट बसेल, काही जागी सहज सरकून येईल. जिथे सरकते तिथून पाणीही येतं आणि महामार्गावर वाऱ्याची शिट्टीही. नवं बीडिंग बसवताना सांधा खाली उंबऱ्याशी ठेव, वर कधीच नाही. आणि ताणू नकोस. ताणून बसवलेलं रबर पहिल्या दिवशी छान दिसतं, मग हळूहळू आखडतं आणि कोपरे सोडतं. नवं रबर बसल्यावर दार आदळावं लागलं तर घाबरू नकोस, काही आठवड्यांत बसतं. तरीही लागलं नाही तर रबर चुकीच्या जाडीचं आहे.

चांगलं बीडिंग ईपीडीएम रबराचं असतं. ऊन, पाऊस आणि हवेतला ओझोन त्याला सहज सोसतो, तेल मात्र सोसत नाही. त्यामुळे चकाकी यावी म्हणून रॉकेल, डिझेल, ग्रीस, जुनं इंजिन ऑइल असलं काही चोपडू नकोस. रबर फुगतं आणि गिळगिळीत, चिकट होतं. पाण्याने पूस, कोरडं कर, सिलिकॉनचा हलका हात फिरव किंवा नुसती टाल्कम पावडर लाव. काच अडखळते म्हणून चॅनेलमध्ये तेल सोडायची आपल्याकडची सवय तर फारच वाईट. धूळ तेलात कालवली की तिची पॉलिशपेपरसारखी लेई होते आणि काचेवर उभे ओरखडे येतात.

खरं मोठं काम समोरच्या काचेचं. आजच्या गाड्यांची काच चौकटीला चिकटवलेली असते, आठशेची मात्र रबराच्या जाड पट्ट्यात बसवलेली. त्या रबराला दोन खाचा, एकीत काच आणि दुसरीत बॉडीच्या चौकटीचा पत्रा. मागे एका गॅरेजवाल्याने गळती थांबवायला काचेभोवती सिलिकॉन थापलंय ते तू बघितलंच असशील. पारदर्शक, व्हिनेगरसारखा वास येणारं, बाथरूममध्ये वापरतात ते. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि त्याने उघडा पत्रा गंजतो. वरून गळती थांबल्यासारखी वाटते, खाली चौकट गंजत राहते. मला त्या थापलेल्या सिलिकॉनची चीड नेहमीच येते. पाच मिनिटांचं काम, आणि पुढच्या माणसाचा अख्खा दिवस जातो ते खरवडण्यात.

जुनं रबर वाचवायच्या फंदात न पडता ब्लेडने कापून काढ, म्हणजे काचेवर ताण येणार नाही. काच गादीवर ठेव आणि चौकटीचा पत्रा बघ. इथे घाई केलीस तर नवं रबर फुकट. तारेच्या ब्रशने गंज काढ, फॉस्फरिक ॲसिड असलेलं गंजरोधक लाव, प्राइमर, मग रंग, आणि पूर्ण वाळू दे. नवं रबर आधी काचेला चढवायचं. मग पत्र्याच्या खाचेत नायलॉनची बारीक दोरी सभोवार बसवायची, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून पुढे जातील अशी. साबणाचं पाणी भरपूर घे. काच बाहेरून चौकटीवर टेकव आणि दोरीची टोकं गाडीच्या आत सोड. एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं, दुसऱ्याने आत बसून दोरी सावकाश ओढत जायचं. दोरी सुटत जाते तशी रबराची आतली कड पत्र्यावरून उलटून जागेवर बसते. जिथे दोरी ओढतोय, तिथेच बाहेरचा हात असला पाहिजे. दोघंही एकमेकांशी बोलत राहणारी माणसं हवीत. तू आणि दादा हे काम करणार असाल तर वहिनीला मध्ये उभं कर.

मागच्या काचेलाही हीच रीत, फक्त ती टफन्ड आहे. कडेला हातोडीचा जरा टोला बसला तरी चुरा होऊन हातात येते.

फरशीच्या पत्र्याबद्दल थोडक्यात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण वाजला तर ठीक, भद्द वाजला तर कुजलाय. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. लांबी भरून किंवा वरून डांबरी शीट चिकटवून ‘झालं साहेब’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन ये. तळातले रबरी बूचही तपास, एखादं नक्की गळालेलं असेल.

आता तुझी यादी. सीटचं मूळ रेक्झिन मला तरी ठेवण्यासारखं वाटतं. आबांच्या बाजूची शिवण उसवलीये, फोम बसलाय, तेवढंच कुशनवाल्याकडून करून घे. जाड टॅन कव्हर त्या छोट्या सीटवर घातलंस तर मागच्यांचे गुडघे आणखीनच अडकतील, आणि तुझी उंची बघता ड्रायव्हरच्या सीटवर तुझ्या डोक्याला छत लागेल. नमदा नवा घे, जुना धुऊन वाळवायच्या भानगडीत पडू नकोस. बुरशी जात नाही. डॅशबोर्डवर पंपावर मिळतं ते तेलकट पॉलिश मारू नकोस. उन्हाने प्लॅस्टिकमधला मऊपणा आधीच उडून जातो आणि काचेला आतून धुरकट थर धरतो, त्यात हे तेल आणखी भर घालतं. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. स्क्रीन मात्र लावूच नकोस. त्या डॅशबोर्डवर तो उपरा दिसेल, आणि रस्ता तुझ्या खिशातला फोन दाखवतोच.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप एका आठशेसाठी? पहिली मारुती 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. तीच गाडी त्यांच्या पश्चात घराबाहेर ऊनपावसात गंजत उभी होती. तिचे फोटो फिरले, मग कंपनीने ती दुरुस्त करून मुख्यालयात ठेवली. आपली कुणी मुख्यालयात ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. 796 सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन अजून एका चावीत सुरू होतं, पासिंग 2028 पर्यंत आहे. ती चालवायची गाडी आहे. शिवाय आठशेची 1986 मध्ये आलेली बॉडी 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत जवळजवळ तशीच राहिली, त्यामुळे आपल्या 1998 च्या गाडीला लागणारी रबरं अजून मिळतात. एखाद्या परदेशी जुन्या गाडीसाठी लोक महिनोन्‌महिने पार्सलची वाट बघतात. आपल्याला नाना पेठेत एक चक्कर.

तिथे मी जाईन. तुला स्वस्तातलं गळ्यात मारतील. पुनर्वापराचं रबर दोन उन्हाळ्यांत लाकडासारखं होतं. दुमडून बघायचं, नखाने दाबून बघायचं, नळी लगेच परत फुगली पाहिजे. चारही दारांची बीडिंगं, डिकीचं, दोन्ही काचांची रबरं, आतल्या-बाहेरच्या पट्ट्या आणि टेललॅम्पची गॅस्केटं आणते. टेललॅम्पमधून डिकीत पाणी येतं हे लिहायचं राहिलंच होतं, तेही नळीने बघून घे.

तू या आठवड्यात एवढं कर: काचांच्या रबरांच्या कापलेल्या छोट्या तुकड्याचा, खाचा नीट दिसतील असा फोटो काढून पाठव, शेजारी पट्टी ठेवून. मधल्या सुधारणांमध्ये काही रबरांचे छेद बदललेत आणि दुकानदार ‘एकच आहे ताई’ म्हणून काहीही देतो. आणि ताडपत्री आजच काढून टाक. तिच्याखाली ओल कोंडते. गाडी फणसाखालून हलवून पडवीच्या बाजूला लाव, काचा बोटभर उघड्या ठेव.

तुझी,
आत्या