हलगीवरचा मोर

बार्शीहून सोलापूरच्या वाटेला लागले, की वैराग येते. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला हलगी करून दिली. लाकडाचे कडे, त्यावर ताणलेले घरच्याच बोकडाचे कातडे, बस्स. पण वीस वर्षे पोरांना अलंकार शिकवणारा माणूस मी! हलगी बिनअलंकाराची कशी ठेवणार? तैलरंगांच्या चार नळ्या आणल्या. हाताळण्याची ही पहिलीच खेप. याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत. मग आपल्याला एक मोर का साधू नये?

मोर साधला, पण वाळेचना. रंगातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते. पंधरा दिवसांनी बोटाला निळाई लागेनाशी झाली, तेव्हा हलगी घेऊन पुन्हा वैराग गाठले.

म्हाताऱ्याने मोर न्याहाळला. सवयीने वाळल्या गवताचा जाळ केला (हलगी शेकली म्हणजे कातडे ताणते) आणि थबकला.

"सर, ह्यो मोर इस्तवापशी न्यायचा कसा?"

तशीच वाजवली. ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज! मी ओशाळलो.

"कातडं बदलून द्या, मामा."

"देतू की. पर आता रंग कड्याला लावा. त्ये बोलत न्हाई."

जुने कातडे त्याच्या नातवाने मागून घेतले, भिंतीला लावायला.