वाळू

एका ग्रॅमात सुमारे 10000 दाणे भरणारे पेटुनियाचे बी चाळीस वर्षे मी वाळू न मिसळता, दुमडलेल्या पोस्टकार्डावरून नखाच्या टिचकीने पेरीत आलो, ही हकीकत भिलाईतल्या बागवान स्नेह्यांना मी इतक्या वेळा ऐकविली आहे की यंदा भाद्रपदात उजवा हात थरथरू लागला तेव्हा पहिले दुःख हाताचे झाले नाही, त्या हकीकतीचे झाले.

बाहेर पावसाची रिपरिप चालू असता मागल्या खोलीतल्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, हिवाळी फुलांची रोपे निपजविणे हा माझा जुना रिवाज. दिव्यांची उंची मी केव्हाच जिंकली. जिंकता आली नाही ती मर. रात्री ताठ उभी असलेली दोनपानी रोपे सकाळी गळ्याशी पाणचट होऊन आडवी पडलेली दिसतात, आणि परातीच्या कोपऱ्यात उघडलेले टक्कल सायंकाळपर्यंत तळहाताएवढे पसरते. पिथियम बुरशीला बोल लावणे सोपे. परंतु ओल, कोंदट हवा आणि दाटी यांची फिर्याद अखेर पेरणाऱ्यावरच दाखल होते. मी माती भाजली, पाणी खालून दिले, पंखा लावला. तरी जिथे हात थरथरून बी ढिगाने पडले होते, नेमकी तिथूनच रोपे कोसळली. माझ्या कंपाचा इतका बिनचूक नकाशा कोणत्याही वैद्याने काढला नसता.

ज्या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केले, त्या कारखान्यात उभी हयात घालविलेल्या माणसाला हाताचा भरवसा वतनासारखा वाटतो. कोकोपीटमधली तयार रोपे विकत आणून मैत्रीबागेच्या पुष्पप्रदर्शनात मिरविणाऱ्यांना मी माळी मानीत नाही. ते दत्तकविधान उरकणारे. आणि वाळू मिसळून पेरणारे, असे मी म्हणत असे, ते काठी टेकीत चालणारे.

शेजारची बारा वर्षांची मुलगी एके दिवशी माझी फजिती निमूटपणे पाहत होती. ‘दादाजी, थोडी रेत मिला लीजिए ना,’ असे म्हणून तिने चिमूटभर बी चमचाभर चाळलेल्या कोरड्या वाळूत कालविले आणि मिठाच्या डबीतून परातभर भुरभुरविले. काळ्या मातीवर वाळू पांढुरकी दिसते, म्हणून बी कुठे पडले आणि कुठे नाही हे तिला दिसत होते; इतकी साधी गोष्ट चाळीस वर्षे माझ्या अहंकाराआड दडून राहिली. त्या परातीतले एकही रोप पडले नाही.

परवा तिला घेऊन सिविक सेंटरात नवी ट्यूब आणावयास गेलो असता एका जुन्या स्नेह्याने माझ्या रोपांची वाखाणणी केली आणि अजूनही वाळूवाचून पेरता ना, असे विचारले. मी हसलो, त्याने त्या हसण्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि मी तो घेऊ दिला. मुलीने मात्र ट्यूबचे दुसरे टोक घट्ट धरले होते, कारण माझ्या हातातले टोक सारखे हलत होते.