पावसाळ्यातली बॅटरी

आषाढात शिवथरला वीज कधी जाईल याचा नेम नसतो. आली की मी आधी ड्रिलची बॅटरी चार्जरला लावतो. १८ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत ३.६ व्होल्टचे सेल पाच-पाचच्या माळेत असतात. जुन्या निकेल-कॅडमियमसारखी ती पूर्ण उतरवायची गरज नसते. पार रिकामी पडून राहिली तर उलट कायमची बसते. अर्धीमुर्धी भरली तरी चालते, हे विजेच्या लपंडावात बरेच. कामाने तापलेली असेल तर आधी निवू देतो. काम नसेल तेव्हा निम्मी भरून, यंत्रातून काढून कोरड्या डब्यात ठेवतो. फुगलेली बॅटरी मात्र चार्जरला लावूच नका, बदलाच.