धानोऱ्यास काय खावे, काय प्यावे?

गेल्या वैशाखात आमच्या एका स्नेह्यांचे पत्र आले. नोकरीनिमित्त ते बरीच वर्षे स्कॉटलंडात राहिलेले आहेत. "दोन दिवसांसाठी धानोऱ्यास येत आहे. तेथे खाण्यापिण्याची चांगली ठिकाणे कोणती, तेवढे कळवावे," एवढाच मजकूर होता. धानोरा हे आमचे जन्मग्राम. तेव्हा हे काम अगदीच सोपे, असे समजून आम्ही लेखणी हाती घेतली.

आम्ही लिहिले की, सकाळी पोहे आणि वर झणझणीत तर्री घ्यावी. आलूभोंडा व भजी गरम असतील तरच घ्यावीत. दुपारी खानावळीत वरण, भात व भाजी मिळेल. चहा हवा तेव्हा मिळतो, उन्हाळ्यात उसाचा रसही मिळतो. याहून निराळ्या पेयाची अपेक्षा धरू नये, कारण गडचिरोली जिल्ह्यात १९९३ सालापासून दारूबंदी आहे. लिहून झाल्यावर पत्र पुन्हा वाचले, तेव्हा मन किंचित खट्टू झाले. दारूबंदीची ओळ वगळली, तर धानोऱ्याऐवजी विदर्भातील कोणत्याही गावाचे नाव घातले असते तरी चालले असते!

यथाकाल पाहुणे आले. पहिल्या सकाळी आलूभोंडा खाता खाता त्यांनी आर्ब्रोथ या गावाची हकीकत सांगितली. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ते एक लहान बंदर. तेथील लोक हॅडॉक नावाच्या माशास मीठ लावतात, दोन दोन माशांच्या शेपट्या एकत्र बांधतात आणि कठीण लाकडाच्या विस्तवावर टांगून त्यांना धूर देतात. ही रीत मूळची शेजारच्या ऑखमिथी या कोळ्यांच्या खेड्यातली. पुढे तिचा एवढा लौकिक झाला की, २००४ साली युरोपीय संघाने त्या माशाच्या नावास कायद्याचे संरक्षण दिले. आता त्या परिसराबाहेरच्या माशास ते नाव लावता येत नाही. "आर्ब्रोथला पाहुणा आला की हाच मासा त्याच्या पुढे येतो. तसे धानोऱ्याचे काय आहे?" पाहुण्यांनी सहज विचारले.

आम्हांस उत्तर सुचेना. वास्तविक उत्तर आम्हांस ठाऊक होते. पण ते ओठांवर येण्यापूर्वी एक जुनी गोष्ट आठवली आणि आमची मान खाली गेली.

ती गोष्ट अशी. वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे असताना, दिवाळीच्या सुटीनंतर एका मुलाच्या पेटीत फडक्यात बांधलेली मोहफुलांची पुरचुंडी सापडली. मुलगा धानोऱ्याजवळच्याच एका खेड्यातला. इतर मुले "दारू, दारू" म्हणून हसू लागली. आम्हीही अधिक चौकशी न करता ती पुरचुंडी काढून घेतली व फेकून दिली. मुलगा एक शब्दही बोलला नाही. त्या दिवसापासून मात्र त्याने घरून काहीही आणणे बंद केले.

पाहुण्यांना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "चला, त्याच मुलाच्या घरी जाऊ." आम्ही संकोचत संकोचत गेलो. मुलगा आम्हांस पाहून दाराआड झाला. त्याची आई बाहेर आली आणि म्हणाली, "आमच्याकडं तं आंबीलच आहे जी, गुरुजी." आम्ही म्हटले, "बाई, तीच द्या."

तिने तांदळाची आंबट, गार आंबील पळसाच्या द्रोणात ओतून दिली. वैशाखाच्या उन्हात ती पोटात गेली, तेव्हा चहाच्या दहा पेल्यांनी भागली नसती अशी तहान भागली. मग मोहफुले आणि तीळ कुटून केलेले लाडू आले. पाहुण्यांनी एकामागून एक तीन खाल्ले. बाईने सांगितले की, चैत्राच्या सुमारास फुले पहाटे गळून पडतात, तेव्हा घरातील सर्व माणसे उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन निघतात. वाळवलेली फुले वर्षभर टिकतात आणि धान्य संपत आले की तीच घरास आधार देतात. पावसाळ्यात कोवळे वास्ते निघतात, वारुळांवर सात्या उगवतात, उन्हाळ्यात चार आणि टेंभरे पिकतात. ही माउली जणू आपल्या कोठाराची यादीच वाचून दाखवीत होती!

हे कोठार म्हणजे अरण्य. धानोरा तालुक्यातीलच मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला, त्याचा खरा अर्थ आम्हांस त्या अंगणात कळला. मोहाच्या दारूने या मुलखातील किती संसार बुडाले, हे आम्ही जाणतो, आणि दारूबंदीसाठी झटलेल्या स्त्रियांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु दोष भट्टीचा, फुलाचा नव्हे. फुलास दोष देऊन आम्ही एका मुलास त्याच्या आईच्या हातच्या खाऊची लाज वाटावयास लावली, हा मात्र आमचा दोष.

निघताना आम्ही त्या मुलास जवळ बोलाविले आणि सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. तो लाजून हसला. थोड्या वेळाने आत जाऊन त्याने एक पुरचुंडी आणली व आमच्या हाती दिली.

असो. विद्यार्थिमित्रांनो, सुटीहून परत येताना आपल्या घरचे जे असेल ते अवश्य आणा आणि चारचौघांत बसून खा. आणि कोणी पाहुणा धानोऱ्यास काय खावे असे विचारील, तर त्यास बाजारातील दुकाने खुशाल दाखवा. पण त्याआधी आपल्या घरी न्या.