मेडिकलच्या गल्ल्यावरून

19 ऑगस्ट 2025, मंगळवार
दिवसभर झड. संध्याकाळी एक आजी नातवाला घेऊन पुलगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायला आल्या. पोरगं सहा वर्षांचं, 16 किलोचं. ताप, गिळताना रडू, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. पण ना खोकला, ना सर्दी. डॉक्टरांनी स्ट्रेप्टोकॉकस धरलाय. अ‍ॅमॉक्सिसिलिन, 8 मिली दोनदा, दहा दिवस. उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत घातलं, हलवलं, फेस बसल्यावर पुन्हा खुणेला आणलं. बाकीच्या दोन बाटल्यांची भुकटी तशीच राहू द्या म्हटलं, कालवलेलं सातच दिवस टिकतं. आजींनी एकच नेली. "बाकीच्या मंग नेतो जी."

21 ऑगस्ट
दर तीन आठवड्यांनी येणारा कॉलेजचा मुलगा आला. बेन्झाथिन पेनिसिलिन, 12 लाख युनिट. सुई टोचली की दिवसभर कंबर धरून चालतो. लहानपणी असाच घसा धरला नि आपोआप सुटला. मग गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा. संधिवाताचा ताप. जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं हृदयाच्या झडपेवरच उलटतात. त्याची झडप आता गळते, सेवाग्रामला दाखवतो. पेनिसिलिनसाठी पिंपरीत 1954 साली सरकारी कारखाना निघाला; एवढं जुनं औषध, पण या जंतूवर अजून चालतं. बाकी औषधांची आपण काय गत केली ते पाहता नवलच.

23 ऑगस्ट, तान्हा पोळा
60 मिलीची बाटली, रोजचे 16. म्हणजे आज संपणार. नातू लाकडी बैल ओढत दुकानापुढून पळाला. मागून आजी. हाक मारली.
"खेळून राह्यला ना भाऊ, आता कायले औषध?"
अडचण हीच आहे. बाटली संपते आणि ताप उतरतो, दोन्ही एकाच वेळी. घसा बिनऔषधाचाही चार-पाच दिवसांत बसतो. दहा दिवस त्याच्यासाठी नाहीतच, हृदयाच्या झडपेसाठी आहेत. नाव न घेता त्या कॉलेजच्या मुलाचं सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग दोन्ही बाटल्या घेतल्या. पैसे गणपती झाल्यावर.

25 ऑगस्ट
आजींचा शेजारी आला. त्याच्या पोरीचं नाक गळतंय, खोकला, आवाज बसलेला. "तेच औषध द्या, चिठ्ठीची गरज नाई." हा विषाणूचा घसा दिसतो, यावर अँटिबायोटिक उपयोगाचं नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, ताप राहिला तर डॉक्टरकडे ने म्हटलं.
"तिले तीन-तीन बाटल्या, अन् मले मीठ!" म्हणाला आणि गाडीला किक मारली.