प्रयोजक कर्ता

'उठणे' आणि 'उठवणे' ही जोडी मी सांगलीत दरवर्षी वर्गातल्या फळ्यावर लिहितो. क्रिया एकाची, पण तिचे कर्तृत्व दुसऱ्याकडे सोपवायचे, हे प्रयोजक रूपाचे कार्य. या रूपाचेही एक राजकारण असते, हे मला उशिरा उमगले. तेही अमेरिकेतील वर्णविभक्ततेचा इतिहास वाचताना.

१९५५-५६ मध्ये माँटगोमेरीतील कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला, तेव्हा वर्णविभक्ततेच्या समर्थकांपुढे पेच उभा राहिला. ज्यांना आपण बुद्धिहीन मानले, त्यांनी वर्षभर संघटित लढा दिला कसा? त्यांना उठवणारा कोणी पडद्याआड असलाच पाहिजे! अनेक गौरवंशवाद्यांनी ही जागा ज्यूंना दिली. १२ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटा येथील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात स्फोट घडवण्यात आला. तेथील धर्मगुरू जेकब रॉथचाइल्ड वर्णसमतेचा जाहीर पुरस्कार करीत असत. लढ्याला साथ देणारे ज्यू होतेच. परंतु साथीलाच कर्तृत्व ठरवण्यात आले. म्हणजे येथे ज्यूद्वेष हा वर्णद्वेषाला जोडलेला आणखी एक द्वेष नव्हे. ती त्याची तार्किक गरज आहे. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या प्रार्थनामंदिरात अकरा जणांची हत्या करणाराही, निर्वासितांना ज्यूच देशात आणतात, असे मानत होता.

हे वाचताना मला आपल्याकडचीच भाषा ऐकू येऊ लागली. फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतील दास्यमुक्तीच्या कार्यकर्त्यांना अर्पण केली. त्यांच्या विचारामागे मिशनरी शोधले गेले. जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीतही, सत्यशोधक शेतकरी उभा राहिला; त्याच्यामागे इंग्रज सरकार शोधले गेले. हे दोन इतिहास एक नव्हेत. साम्य आहे ते क्रियापदाच्या रूपात.

मीही त्यातून सुटलेलो नाही. विद्यार्थिदशेत मी निबंधात लिहिले होते, 'कृष्णवर्णीयांच्या साहित्याने दलित साहित्य घडवले.' १९७२ च्या दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव स्वेच्छेने घेतले होते. तुलना गैर नव्हती. परंतु माझ्या वाक्यात कर्ताच बदलला होता. निबंध ऐकून एक वर्गमित्र म्हणाला, "आमच्या वस्तीचा येगळा पाणवठाबी अमेरिकेतनंच आणलाय व्हय रं?" सगळे हसले, मीही हसलो.

आज शोधप्रबंध तपासताना 'प्रभाव' हा शब्द आला, की मी थांबतो आणि त्या वाक्यातला कर्ता कोण, ते पुन्हा एकदा पाहतो.