औषधाचे धुके

श्वास ही अशी संपत्ती आहे, की ती हाती असते तोवर तिची आठवणही होत नाही. दम्याच्या रोग्याला मात्र तिचे मोल पुरते ठाऊक असते. दम्याचा झटका आला, की फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतील अस्तर सुजते, कफ साठतो आणि छातीतून शिटीसारखा सूर निघू लागतो. चहूकडे हवा भरून राहिलेली असते; परंतु एखादे लहान मूल त्या हवेच्या एका घोटासाठी धडपडत असते.

अशा वेळी औषध जवळ असले, तरी ते पोहोचवावे कसे? गोळी दिली, तर ती आधी पोटात जाणार, मग रक्तात मिसळून सर्वांगी फिरणार. तितका धीर कोणाला? सरळ वाट एकच, ती श्वासाची. पण त्या वाटेने पाण्याचा एक थेंब चुकून उतरला, तरी केवढा ठसका लागतो! तेव्हा औषधाला तेथे जायचे, तर धुके होऊनच गेले पाहिजे.

हे काम नेब्युलायझर नावाचे यंत्र करते. ‘नेब्युला’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी धुके. फ्रान्समधील वैद्य साल-जिराँ यांनी १८५८ साली हातपंपाने औषधी पाण्याचे तुषार करणारे उपकरण तयार केले होते. आज नेहमी दिसणाऱ्या यंत्रात विजेचा पंप हवा दाबून नळीवाटे औषधाच्या पेल्यात सोडतो. अरुंद छिद्रातून हवा वेगाने सुटली, की तेथील दाब घटतो, औषध वर ओढले जाते आणि त्याचे तुषार होतात. मोठे थेंब आतील आडोशावर आपटून पुन्हा पेल्यात पडतात. बारीक कण तेवढे मास्ककडे निघतात.

खोलवर पोहोचणारे कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याहून मोठे कण घशातच अडकतात. फार सूक्ष्म कणांपैकी पुष्कळसे उच्छ्वासाबरोबर परत येतात. योग्य जागी पोहोचलेले साल्ब्युटामॉलसारखे औषध आवळलेले स्नायू सैल करते आणि काही मिनिटांतच वाट मोकळी होऊ लागते.

यंत्र आपले काम चोख करते. तरीही मूल रडत राहिले, तर फुप्फुसांत औषध फारच थोडे उतरते. म्हणून आई त्याला मांडीवर ताठ बसवते, मास्क चेहऱ्याला नीट लावते आणि हळूहळू पाठीवरून हात फिरवते. डॉक्टरांनी सांगितलेली औषधाची मात्रा आणि वापरानंतर पेल्याची स्वच्छता जितकी आवश्यक, तितकाच तो हातही आवश्यक असतो. त्या हाताने मूल शांत होते, आणि शांत श्वासाबरोबरच ते धुके आत खोलवर उतरते.